कॉलेजचा कप आणि पोराची भाकरी

कॉलेजच्या नावाने मैदानात उतरणाऱ्या विद्यार्थ्यास खेळण्याबद्दल पैसा द्यावा की नाही, असा एक वाद अमेरिकेत कित्येक वर्षे चालला होता. त्याचा मोठा निकाल २०२५ सालच्या जून महिन्यात लागला. तेथील न्यायालयाने कॉलेजांच्या क्रीडामंडळाने खेळाडूंशी केलेली तडजोड मान्य केली आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजांना आपल्या खेळाडूंच्या हाती थेट पैसा देण्याची मोकळीक मिळाली. पहिल्या वर्षी एका कॉलेजने जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर वाटावेत, अशी मर्यादा ठरली. हे वाचून आमचे पुष्कळ वाचक म्हणतील की, मास्तर, त्या डॉलरच्या गोष्टी आम्हांस कशाला? आमचे पोर कॉलेजात जाते ते एस. टी.च्या पासावर, आणि खेळायला जाते ते थोरल्या भावाचे बूट मागून. वाचकहो, म्हणूनच ही गोष्ट तुमच्यापुढे मांडणे आम्हांस अवश्य वाटते. डॉलर बाजूस ठेवला तर खाली उरतो तो प्रश्न भाकरीचा आहे, आणि तो अमेरिकेपेक्षा आपल्या डोंगरात अधिक खरा आहे.

पाचगणीची गोष्ट घ्या. जॉन चेसन नावाच्या साहेबाने १८६० च्या दशकात हे थंड हवेचे ठिकाण वसविले. पुढे हवा चांगली म्हणून निवासी शाळा आल्या आणि शाळांबरोबर मैदाने आली. तेथे शिकणाऱ्या मुलांबद्दल आमच्या मनात काडीचाही मत्सर नाही. मुले ती मुलेच. खेळून दमून आली की त्यांच्यापुढे ताट येते, गुडघा खरचटला तर पट्टी बांधणारे माणूस असते, आणि खेळण्यात गेलेल्या दोन तासांमुळे घरी कोणाचा रोज बुडत नाही. असे प्रत्येक मुलाच्या वाट्यास यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता त्याच गावाच्या आसपास गोडवली, भोसे, भिलार, खिंगर, दांडेघर या बाजूस जाऊन पाहावे. येथील पोरांचे दम डोंगराने तयार केलेले आहेत. टेबललँडच्या पठारावर आणि पसरणीच्या घाटात पहाटे पळणारी पोरे कोणीही पाहावीत. परंतु खेळाचा हंगाम आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम एकच पडतो, ही मोठी अडचण. पाऊस उघडला की कॉलेजाकॉलेजांतील सामने सुरू होतात. थंडीत विद्यापीठाचे संघ निवडले जातात. नेमके त्याच दिवसांत फळ तोडायचे, निवडायचे, पेट्या भरायच्या आणि गाडी सुटण्याआधी नेऊन द्यायच्या. उन्हाळ्यात प्रवासी आले की कोणी घोडा धरतो, कोणी हॉटेलात भांडी घासतो. अशा घरातला मुलगा आठ दिवस सामन्याला गेला तर आठ दिवसांची मजुरी जाते, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस लावावा लागला तर आणखी पदरचे जातात. कॉलेजला वाटते, पोरगा फुकट खेळला. फुकट कसा? त्याच्या बापाने पैसे भरले, पण ते कोणत्याही पावतीवर लिहिले गेले नाहीत.

आमच्या हातून शिकून गेलेला एक मुलगा अशाच घरातला. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो कॉलेजच्या नावाने दोन वर्षे पळाला आणि दोन्ही वर्षी कप घेऊन आला. तिसऱ्या वर्षी सरावात गुडघा गेला. कॉलेजचे नाव आम्ही येथे लिहीत नाही, कारण एकाच कॉलेजची ही तऱ्हा असती तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. दवाखान्याचा सगळा खर्च बापाने केला; त्या वर्षीच्या फळाचे आलेले पैसे त्यातच गेले. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की, मुलगा स्वखुशीने खेळला, संमतिपत्रावर पालकाची सही आहे. कप मात्र कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहेत. ते परत द्या असे आम्ही म्हणत नाही. ते ज्या गुडघ्याने आणले त्याचा खर्च कोणाच्या खाती मांडायचा, एवढेच विचारतो.

आपल्याकडे शर्यतीचा बैल कसा सांभाळतात हे शेतकऱ्यांस सांगायला नको. दूध, अंडी, गव्हाचे पीठ, उडीद. मालक स्वतः कोरडी भाकरी खाईल, पण बैलाच्या खुराकाला कमी करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतीस परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा उचलून धरल्यापासून तर जत्रांत ट्रॅक्टर आणि मोटारी बक्षीस लागू लागल्या आहेत. शर्यत जिंकायची तर आधी खुराक घालावा लागतो, ही अक्कल आपल्या निरक्षर आज्यालाही होती. कॉलेजच्या शिकलेल्या मंडळींस ती मुलाच्या बाबतीत का सुचू नये? बैल बोलत नाही तरी त्याला मिळते. पोरगा बोलू शकतो, म्हणूनच बहुधा त्याला त्याग शिकविला जातो.

खेळाला पैसा लागला की खेळ बाटतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा आवडता शब्द ‘हौशी’ हा होय. या शब्दाचा जन्म कोठे झाला ते आमच्या कारागीर वाचकांनी मुद्दाम ऐकावे. इंग्लंडात टेम्स नदीवर हेन्ली गावी होड्यांच्या मोठ्या शर्यती होतात. १८७९ साली तेथील कारभाऱ्यांनी हौशी कोणास म्हणावे याचा नियम केला. पैशासाठी होडी चालविणारा तर नकोच. पण त्याबरोबर असेही ठरविले की, जो धंद्याने कारागीर, यंत्रावर काम करणारा किंवा मजूर आहे, तोही हौशी नव्हे! म्हणजे सुतार, लोहार, गवंडी यांनी कधी खेळाचा एक पैसा घेतला नसला तरी त्यांस दार बंद. हाताने काम करून त्यांचे दंड आधीच बळकट झालेले असतात, तेव्हा सभ्य गृहस्थांवर अन्याय होईल, असाही युक्तिवाद त्या काळी केला जाई. जॉन केली नावाचा अमेरिकन १९२० साली तेथे आपली होडी घेऊन येणार होता. त्याचा अर्ज परत केला गेला. त्याच्या क्लबाशी जुने भांडण होते हे एक कारण, आणि तो पूर्वी विटा रचण्याचे काम करी हे दुसरे. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये तोच पहिला आला. हा नियम १९३७ सालापर्यंत टिकला. हौसेला मोल नाही अशी म्हण आहे. पण ज्याची कणगी भरलेली आहे त्यालाच ती म्हण परवडते.

अमेरिकेतील जिम थॉर्पची गोष्ट याच पंक्तीतली. तो तेथील मूळच्या रहिवाशांपैकी, ज्यांच्या जमिनी गोऱ्यांनी घेतल्या त्यांच्यातला. कार्लाइल येथील शाळेत शिकत असता त्याने १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थोड्याशा मोबदल्यावर बेसबॉल खेळला. पुढे १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके मिळविली. दुसऱ्या वर्षी ती काढून घेतली. कारण पूर्वी खेळाचा पैसा घेतला होता! सुखवस्तू घरची मुले हेच खेळ खोटी नावे घेऊन खेळत, असे सांगतात. या बिचाऱ्याने आपले खरे नाव लिहिले. तो १९५३ साली वारला. पदकांच्या प्रती १९८३ साली त्याच्या मुलांस दिल्या, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लिहिले गेले ते २०२२ साली. एकशे दहा वर्षे! तोवर ऑलिंपिकवाल्यांनी स्वतःच हौशीपणाचा नियम सोडून दिला होता, आणि पैसेवाले खेळाडू उघड उघड उतरत होते.

आता आपल्या मातीत या. आपल्याकडे खेळाडूस देणे ही लाज कधीच नव्हती. गावच्या जत्रेत नारळापासून चांदीच्या गदेपर्यंत कुस्त्या लागतात. इनाम किती हे हलगी वाजवून सांगतात. शाहू महाराजांनी १९०२ साली रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधविले, ते १९१२ साली पुरे झाले. परंतु मैदान बांधून ते थांबले नाहीत. तालमींना आश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची सोय लावली. आणि याच राजाने १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढविली. पोट भरल्यावाचून पोराच्या डोक्यात धडा जात नाही आणि अंगात डावही मुरत नाही, ही एकच समजूत त्या दोन्ही कामांमागे होती. वह्यापुस्तके देणारा दानशूर आणि खुराक देणारा उधळ्या, असा भेद त्यांनी केला नाही. तो भेद आजच्या कॉलेजांनी काढला आहे.

खाशाबा जाधवांचे नाव घेतल्यावाचून हा विषय आमच्या जिल्ह्यात बोलताच येत नाही. कराड तालुक्यातील गोळेश्वर हे त्यांचे गाव, जन्म १९२६ चा, घर शेतकऱ्याचे आणि वडील स्वतः पैलवान. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असता १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तेथे सहावा क्रमांक आला. पुढे १९५२ साली हेलसिंकीस जायचे तर संस्थान विलीन झालेले, सरकारकडून पुरेसे मिळेना. गावकऱ्यांनी वर्गणी केली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे करून दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे घर सोडविले.

ही गोष्ट आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि पोरे डोळे मोठे करून ऐकतात. त्यागाची गोष्ट म्हणून ती पुस्तकांत येते, सभांत येते. खर्डेकरांसारखा माणूस वंदनीय आहे यात शंका नाही. परंतु व्यवहारी शेतकऱ्याच्या नजरेने तीच गोष्ट पाहिली तर काय दिसते? एवढ्या थोरल्या देशाचे पदक एका मास्तराच्या घराच्या कागदावर तारण होते. जिंकून आल्यावरही पैलवानाला कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरावे लागले. म्हणजे खेळाडूचे कष्ट सोडविणारे शेवटी खेळाडूचेच कष्ट! आणि ज्यांचे प्राचार्य खर्डेकर नव्हते, ज्यांच्या गावाने वर्गणी केली नाही, अशी किती पोरे त्या काळी घरीच राहिली, हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? खाशाबा पुढे १९५५ साली पोलिसांत फौजदार झाले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो २००० सालचा. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

घोडे आजही वरातीमागूनच येते. खाशाबांनंतर महाराष्ट्रास वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळविले. तो शिक्षकाचा मुलगा, रेल्वेत तिकीट तपासनीस. पदक लागताच सरकारने एक कोटीचे बक्षीस जाहीर केले, रेल्वेने बढती दिली. चांगले केले. आमचा आक्षेप एवढाच की, हे सर्व पाणी पीक कापणीला आल्यावर सोडलेले आहे. रोप लहान असताना ते कोणी घातले? माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या अंतिम शर्यतीत धावली. पी. टी. उषानंतर म्हणजे १९८४ नंतर धावपट्टीवर इतक्या दूर गेलेली ती पहिली भारतीय. दुष्काळी माणात पाण्याची पंचाईत. तेथील पोर अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडून पळण्याच्या शर्यतीत जगात दहावी आली. सरकारी अधिकारपद तिला नंतर मिळाले. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षकाने त्याला हेरले, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याच्या राहण्याजेवणाची सोय झाली, आणि २०२१ साली भरलेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तो तिरंदाजीत भारताकडून उभा राहिला. येथे पाणी वेळेवर मिळाले म्हणून पीक आले. प्रबोधिनीने त्याला पदक पाहून जेवू घातले नाही. जेवू घातले म्हणून तो नेम धरू शकला.

मग कॉलेजने काय करावे? आमचा उपाय नवा नाही. तो याच जिल्ह्यात जन्मला आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग उघडले, आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. १९४७ साली साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभे राहिले. विद्यार्थ्याने जमीन खणावी, झाडे लावावी, त्या कामाचा मोबदला घ्यावा आणि मान ताठ ठेवून शिकावे. ही योजना आजही अनेक विद्यापीठांत चालू आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या, बागेत काम करणाऱ्या मुलास तासाप्रमाणे पैसे मिळतात. तेव्हा आमचा साधा सवाल असा: कॉलेजच्या बागेत एक तास घाम गाळणाऱ्यास मोबदला मिळतो, तर कॉलेजच्या मैदानावर कॉलेजच्याच नावासाठी तीन तास घाम गाळणाऱ्यास का मिळू नये? बागेतला घाम खारट आणि मैदानावरचा गोड असतो काय? विद्यापीठाच्या संघात निवडलेल्या गरीब मुलामुलींच्या सरावाचे तास याच योजनेत धरावेत, ही आमची पहिली मागणी. भीक नको, बक्षीस नको. तासांचा हिशोब हवा.

यावर कोणी म्हणेल की, अमेरिकेत कॉलेजचे सामने पाहायला लाखभर लोक तिकीट काढून येतात, दूरचित्रवाणीचे करार होतात. तेथे वाटायला पैसा आहे. आपल्या कॉलेजचा खो-खो पाहायला चार मास्तर आणि दोन कुत्री. हे खरे आहे. पैशाच्या वाटणीचा प्रश्न आपल्याकडे तसा नाही. परंतु कॉलेजला काहीच मिळत नाही हे मात्र खोटे. कॉलेजांस दर्जा देणारी ‘नॅक’ नावाची समिती आहे. तिच्या तपासणीत विद्यार्थ्यांनी खेळांत मिळविलेल्या पदकांस स्वतंत्र गुण आहेत. दर्जा वाढला की कॉलेजचा भाव वाढतो. प्रवेशाच्या जाहिरातीवर कोणाचा फोटो असतो? व्याकरणात पहिल्या आलेल्या मुलीचा क्वचित. गळ्यात पदक घातलेल्या कबड्डीपटूचा हमखास. आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखान्याची फी घेतली जाते, ती खेळो वा न खेळो. भाजी विकणाऱ्या बाईची मुलगीही ती भरते. तो पैसा जमतो किती, चेंडूजाळीवर जातो किती, पाहुण्यांच्या हारतुऱ्यांवर जातो किती, याचा कागद कॉलेजच्या फळ्यावर लावलेला आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. पैसा मिळू लागला की पोरे पुस्तक सोडतील. आम्ही मास्तर आहोत, ही भीती आम्हांसही आहे. परंतु पोरे पुस्तक सोडतात ती आजही, आणि सोडतात ती मजुरीसाठी. सकाळी सराव, दुपारी वर्ग, संध्याकाळी हॉटेलात काम, मग वही कधी उघडावी? सरावाच्या तासांचे पैसे मिळाले तर हॉटेल सुटेल आणि संध्याकाळ वहीला मिळेल. हजेरी आणि उत्तीर्ण होण्याची अट जरूर घालावी. आमची त्यास पूर्ण संमती आहे.

तिसरी भीती अधिक खरी आहे, आणि तिला हसून उडवून लावणे आम्हांस जमत नाही. पैसा आला की दलाल येतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा ठेवल्या, तर कधी न खेळलेल्यांनी खेळाची बनावट प्रमाणपत्रे मिळवून त्यांवर नोकऱ्या पटकावल्याची प्रकरणे याच राज्यात उघडकीस आली. ज्याच्या पायाला चिखल नाही तो खेळाडू ठरला, आणि चिखलातला घरी बसला. म्हणून आम्ही पैसा पदकावर न मागता तासांवर मागतो. पदकाचा कागद विकत मिळतो. रोज पहाटे साऱ्या मैदानासमोर पळणे विकत मिळत नाही.

अमेरिकेची वाट जशीच्या तशी घ्यावी असेही आमचे म्हणणे नाही. तेथील मोठा पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन खेळांतील पुरुष खेळाडूंकडे जातो. मागील वर्षांच्या भरपाईत मुलींचा वाटा फारच थोडा ठेवला म्हणून काही मुलींनी निकालाविरुद्ध अपीलही केले. आपल्याकडे २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, चांगल्या चढाईपटूंवर लाखांच्या बोली लागू लागल्या. गरीब घरांत पैसा आला, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु तसा बाजार मुलींच्या कबड्डीस मिळाला नाही. बाजार ज्याला पाहतो त्यालाच देतो. कॉलेज हे बाजार नव्हे. तेथे लांब पळणारी मुलगी, भाला फेकणारा धनगराचा पोर आणि कबड्डीतला नावाजलेला गडी यांचा तास एकाच भावाने मोजला पाहिजे. नावाजलेला गडी बाहेर जाऊन अधिक मिळवीत असेल तर खुशाल मिळवो. त्याला थॉर्पप्रमाणे बाटला म्हणून हाकलू नये म्हणजे झाले.

परंतु अमेरिकेकडून एक गोष्ट अवश्य शिकावी. तेथे ‘विद्यार्थी-खेळाडू’ असा एक जोडशब्द १९५० च्या दशकात रूढ करण्यात आला. कानाला किती गोड! तो का रूढ केला ते पाहा. कोलोरॅडो राज्यातील एका लहान कॉलेजचा फुटबॉल खेळाडू रे डेनिसन १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून मेला. कामावर मेलेल्या मजुराच्या बायकोस जी भरपाई मिळते ती आपणांस मिळावी, असे त्याच्या विधवेने मागितले. १९५७ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने ती नाकारली: कॉलेज फुटबॉलचा धंदा करीत नाही, सबब खेळणारा नोकर नव्हे. असे दावे पुढे येऊ नयेत म्हणूनच तो गोड शब्द पुढे केला, हे क्रीडामंडळाच्या प्रमुखाने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या संमतिपत्रातील ‘स्वखुशीने’ हा शब्द त्याच जातीचा आहे. स्वखुशी पोराची, नाव कॉलेजचे, मोडलेले हाड बापाचे. ही वाटणी कोणत्या गावच्या पंचांनी मान्य केली असती?

तेव्हा तासांच्या मोबदल्याआधी, किंबहुना त्याहून अगत्याची आमची दुसरी मागणी दुखापतीची आहे. कॉलेजच्या सरावात वा सामन्यात झालेल्या दुखापतीचा खर्च कॉलेजने व विद्यापीठाने विमा उतरवून पुरता सोसावा, आणि मूल शिकणे संपवून गेल्यावरही त्याच दुखण्याचे औषधपाणी ठरावीक मुदतीपर्यंत चालू ठेवावे. हे करण्यास लाखभर प्रेक्षक लागत नाहीत. जिमखान्याच्या फीतून होण्याजोगे आहे. तिसरी गोष्ट खुराकाची: संघात निवडलेल्या मुलामुलींस सामन्याच्या दिवसांपुरता वडापाव न देता सरावाच्या सर्व महिन्यांत रोज दूध, अंडी, कडधान्य मिळावे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूंस महिना १०,००० रुपये हातखर्च ठेवलेला आहे. पण त्या चाळणीतून थोडेच जातात. आम्ही चाळणीत न गेलेल्यांविषयी बोलत आहोत. कारण जिल्ह्याचा संघ, विद्यापीठाचा संघ भरतो तो त्यांच्यानेच, आणि त्यांच्याशी झुंजूनच वर जाणारा वर जातो. तालमीत एक पैलवान तयार व्हायचा तर त्याच्या अंगाला अंग लावणारे दहा जण लागतात. दहा उपाशी ठेवून एकाला तूप पाजणाऱ्या वस्तादाला गावकरी काय म्हणतील ते सांगायला नको.

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. पोराने कप आणला की आपण गावात फलक लावतो, डी.जे. लावतो, त्यावर हजारो रुपये जातात. त्यातले निम्मे गावच्या तालमीच्या दुधाला लावले तर फलक थोडा लहान होईल, एवढेच. आणि मुलगी पळते म्हटल्यावर तिला दूध नाही, भावाला आहे, असे घरात चालत असेल तर कॉलेजला बोल लावण्याआधी आपली चूल तपासावी. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी १९५२ साली वर्गणी केली तेव्हा त्यांच्याजवळ आजच्यापेक्षा पैसा अधिक नव्हता.

कॉलेजचे प्रवेश झाले की खेळाच्या निवडचाचण्या लागतात आणि घरोघर संमतिपत्रे येतात. पोरगा घाईत असतो, बाप शेतावर असतो, आणि सही चुलीपाशी उभ्याउभ्या होते. यंदा तसे करू नये. कागद वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर गावच्या मास्तराकडे आणावा, आम्ही रात्रीही वाचून देऊ. दुखापतीचा खर्च कोण करणार, विमा कोणत्या रकमेचा, सरावाच्या काळात खुराक काय, जिमखान्याच्या फीचा हिशोब कोठे पाहावयास मिळेल, हे चार प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहून प्राचार्यांकडून सहीशिक्क्यानिशी उत्तर मागावे. एका बापाने विचारले तर त्याला वेडा ठरवितील, म्हणून संघातल्या सगळ्या मुलामुलींच्या आईबापांनी मिळून एकाच दिवशी जावे. आणि जाण्याआधी त्या कागदाची एक प्रत काढून घरी ठेवावी.